शिंगाडेवालीने माफ केलं नाही

शिंगाडेवाली रागावली की भांडायची नाही, काटे कापायची नाही. शिंगाड्याला दोन्ही बाजूंनी शिंगांसारखे काटे असतात. विकणारी बाई ते सुरीने उडवते आणि मग माल तराजूत घालते. आमची शिंगाडेवालीही उडवायची, पण सगळ्यांचे नाही. ज्या घरात तिचा अपमान झाला असेल त्या घराला भाव तोच, वजन तेच, वर एखादा शिंगाडा जास्तच, पण काटे शाबूत. दिवाळीच्या आसपास जबलपूरच्या चेरीताल भागातल्या आमच्या गल्लीत कोणाच्या बोटाला चिंधी दिसली की शेजारणी विचारायच्या, "काय बोललात हो तिला?"

माझ्या बायकोने एकदा तिला अंगणातल्या वेगळ्या लोट्यातून पाणी दिलं. तो अख्खा हंगाम आमच्याकडे काट्यांचे शिंगाडे आले. पुढच्या वर्षी बायकोने घरातला पेला पुढे केला. शिंगाडेवाली पाणी प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि म्हणाली, "हे यंदाचं झालं वहिनी. मागच्या सालचं बाकी आहे." त्या हंगामातही काटे आले. तिसऱ्या वर्षी मात्र तिने सोललेले शिंगाडे दिले, तेही न मागता, आणि ओट्यावर बसून बायकोला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा कसा मोकळा होतो ते सांगितलं. आमच्या घरी तो शिरा अजून तसाच होतो.

ती भंडाऱ्याकडची ढिवरीण. लग्न होऊन गोंदियाहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने जबलपूरला आली आणि आमच्या गल्लीमागच्या तलावाच्या काठी नवऱ्याच्या झोपडीत राहिली. नवरा मासे धरायचा, ती तलावाच्या उथळ कोपऱ्यात शिंगाड्याचे वेल लावायची. नवरा गेल्यावर मासे आणि शिंगाडे दोन्ही तिच्याकडे आले. काठावर तिच्यासारखी पंचवीस-तीस घरं होती, काही ढिवरांची, काही धोब्यांची, काही गोहलपूरच्या वर्कशॉपांत कामाला जाणाऱ्यांची. तिच्या घरात मराठी बोलत. तरी आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला ती मांडवाच्या बाहेर टोपली घेऊन बसायची आणि आत दूध प्यायला कोणी तिला बोलवायचं नाही. एकदा मी मोठ्या कौतुकाने म्हणालो, "बाई, तुम्ही मराठी छान बोलता हो."

"तुम्हीबी बोलता," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी संरक्षण कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालो होतो. मंडळाचा सचिव होतो, आणि मंडळाच्या हॉलमध्ये जी पर्यावरण समिती निघाली तिचाही सचिव झालो. राज्याचे दोन तुकडे होऊन छत्तीसगड वेगळं झालं, त्यानंतरच्या वर्षांत आमचे उन्हाळे चढतच गेले. हँडपंप एप्रिलमध्येच कोरडे पडू लागले. उन्हाळ्यासाठी आणि तलावांसाठी काहीतरी करायचं म्हणून वॉर्डात समित्या झाल्या. आमच्या समितीचे अध्यक्ष त्र्यंबकराव देऊळकर. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, इंग्रजी उत्तम, आवाज भारदस्त. बाकीचे सभासदही सगळे निवृत्तच. सगळ्यांच्या घरी कूलर, काहींकडे एसी. उन्हाचा विचार आम्ही पडदे ओढून करत होतो.

त्र्यंबकरावांनी पहिला कार्यक्रम ठरवला पर्यावरण दिनाचा. शाळेची मुलं बोलावली, डोक्यावर हिरव्या टोप्या, हातात रबरी मोजे. तलावातली जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, काढायची होती. मुलांनी उत्साहाने काढली. पण जलकुंभी मधल्या खोल पाण्यात होती आणि तिथे मुलांना जाऊ देणार कोण? म्हणून त्यांना उथळ कोपऱ्यात उतरवलं. त्या कोपऱ्यात शिंगाड्याचं रोप होतं. हिवाळ्याअखेरीपासून वाढवलेलं ते रोप महिनाभराने साऱ्या तलावभर लावायचं असतं. वरून दिसतं हिरवं, पसरलेलं, कोणालाही तण वाटावं असं. मला वाटलं नाही. माझ्या मागच्या खिडकीतून मी वर्षानुवर्षं तिला ते जपताना पाहत होतो. पण फोटोवाला आला होता, त्र्यंबकराव भाषणाला उभे होते, आणि माझी नात गौरी पहिल्या रांगेत गुडघाभर पाण्यात उभी राहून हसत वेल खेचत होती. मी गप्प राहिलो.

शिंगाडेवाली त्या दिवशी नातेवाइकांच्या लग्नाला गेली होती. परत आली तेव्हा काठावर वेलांचे ढीग सुकत होते.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गल्लीतल्या पहिल्या घरापासून निघाली. प्रत्येक दार वाजवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, "तुमच्या पोरानं रोप उपटलं का?" लोक म्हणत, बाई चूक झाली, नुकसानभरपाई घ्या. ती म्हणायची, "पैसे नाही पाहिजे. ज्यानं उपटलं त्यानं लावावं." आमच्या दारात आली तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं, तोवर गौरी आतून बाहेर आली. नववीत होती. मराठी कळायचं, बोलताना अडायची.

"नानी, मैंने भी उखाड़ा था," ती म्हणाली.

"किती?"

"बहुत."

"चल मग."

शिंगाडेवालीने सिहोऱ्याकडच्या नातेवाइकांकडून नवं रोप आणलं आणि आमच्या गल्लीची पोरं कामाला लावली. त्यांना शिकवायला तिची नात पिंकी आणि काठावरची इतर पोरं होती. इंग्रजी शाळेत जाणारी मुलं ट्रकच्या ट्यूबवर पोटावर झोपून, बोटांनी चिखलात रोप खोवत होती आणि पिंकी काठावरून ओरडत होती, "अरे पैर से दबा, हाथ से नहीं होता, तेरे को घर में कुछ सिखाया नहीं क्या?" आया गल्लीच्या टोकाला उभ्या राहून हळहळत. एक आई टॉवेल घेऊन आली तर शिंगाडेवाली म्हणाली, "ठेवा तिथंच. आता तं अर्धंबी नाही झालं." ती शिक्षा होती, तिने ती शिक्षा म्हणूनच दिली होती. पण गंमत अशी की काम संपल्यावरही पोरं तिच्याकडे जात राहिली. गौरी आणि पिंकीची तर अशी गट्टी जमली की एकीला हाक मारली की दोघी यायच्या.

मग शिंगाडेवाली समितीवर आली. बोलावलं नव्हतं. बैठक चालू असताना ती पिंकीला आणि पाच-सहा पोरापोरींना घेऊन हॉलमध्ये शिरली. रिकाम्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या, त्या तिने एकेक ओढून टेबलाशी आणल्या.

"अच्छा, तुमचं काय काम आहे इथे?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"तुम्ही काय करून राहिले साहेब?"

"उन्हाळ्याचा आराखडा करतोय. ही तज्ज्ञांची समिती आहे."

"मग बरोबर आलो," ती म्हणाली. "ऊन तुमच्याकडे येते का? आमच्याकडे येते. उन्हाचं काम करून राहिले अन् उन्हातले लोक बाहेर. असं काहून?"

त्र्यंबकराव म्हणाले, मोठ्या माणसांच्या चर्चेत पोरं कशाला. तिने पोरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही अजून किती उन्हाळे पाहणार? हे तं पन्नास पाहतीन. मग बोलू द्या त्याहिले." हॉलमध्ये कोणीतरी हसलं. त्र्यंबकरावांना ते हसू झोंबलं आणि ते त्यांनी जपून ठेवलं. जपून ठेवण्याच्या बाबतीत ते तिच्याहून कमी नव्हते. फरक एवढाच की ती तोंडावर सांगायची.

पुढची बैठक तिच्या घरी, मे महिन्यात, भर दुपारी, असं तिने त्याच वेळी जाहीर केलं. महानगरपालिकेचा नवा तरुण अधिकारी हजर होता, तो हो म्हणाला, म्हणून आम्हालाही म्हणावं लागलं. तिच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. वर पत्रा तापून कडकड वाजत होता. त्र्यंबकरावांचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं.

"लाइट गेली साहेब," शिंगाडेवाली म्हणाली.

शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता. आवाज स्पष्ट येत होता. मी तिच्याकडे पाहिलं तर ती माझ्याकडेच पाहत होती, अगदी शांतपणे.

त्या बैठकीत पिंकी बोलली. पाठ केलेलं भाषण नव्हतं. नळाच्या रांगेत बायकांना चक्कर येते तिथे सावली करा, शाळेचा मोठा हॉल दुपारी म्हाताऱ्यांसाठी उघडा, आणि तलाव बुजवू नका, त्याला भिंत घालू नका, कारण रात्री जी थोडी गार हवा येते ती तिथूनच येते. "आपके पास कूलर है, हमारे पास ताल है," ती म्हणाली. गौरीने शाळेतला तापमापक आणला होता, तो तिने आधी आमच्या बैठकीच्या खोलीत आणि मग पिंकीच्या खोलीत ठेवून पाहिला होता, आणि दोन्हींतला फरक ती न अडखळता सांगून गेली. अधिकाऱ्याने सगळं मान्य केलं. समितीत वस्तीतली दोन मुलं राहतील असंही ठरलं. त्या उन्हाळ्यात नळावर छप्पर झालं, शाळेचा हॉल उघडला, आणि हिवाळ्यात तलाव शिंगाड्यांनी भरला. आम्ही जे काही केलं त्यातलं खरं काम तेवढंच, आणि ते तिने सूड म्हणून करून घेतलं होतं.

कामाचं कौतुक झालं. भोपाळला समितीचा सत्कार होता. त्र्यंबकराव एकटे गेले. परत आले तेव्हा शाल, श्रीफळ आणि वर्तमानपत्रातला फोटो. मजकुरात पिंकीचं नाव नव्हतं, तलावाच्या काठी कोणी राहतं असंही नव्हतं. शिंगाडेवालीने गौरीकडून तो मजकूर वाचून घेतला. "चलो," एवढंच म्हणाली. त्या वर्षी त्र्यंबकरावांकडे सगळ्यांत मोठ्या काट्यांचे शिंगाडे गेले असतील.

तो तरुण अधिकारी बदलून गेला. नव्या अधिकाऱ्यापुढे त्र्यंबकरावांनी तलावाच्या सुशोभीकरणाची योजना ठेवली. सिमेंटचा काठ, फवारा, भोवती फिरायला रस्ता, आणि वस्ती उठवून शहराच्या टोकाला, रिछाईच्या कारखान्यांपलीकडे. बैठकीचा दिवस ऐन वेळी बदलला. समितीतल्या पोरांना कळवणं माझं काम होतं. त्र्यंबकराव मला म्हणाले, "कशाला कळवता? गोंधळ घालतील. आपलं आपण निपटवून टाकू." मी कळवलं नाही. बैठकीत अधिकाऱ्याने विचारलं, वस्तीशी बोलणं झालं आहे ना. त्र्यंबकराव म्हणाले, "पूर्ण सहमती आहे. त्यांची मुलं समितीतच आहेत," आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कोणी मला धमकावलं नव्हतं. मला सकाळी फिरायला एक चांगला रस्ता हवा होता. माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे.

घरं पाडली तेव्हा मी मागची खिडकी लावून घेतली होती. गौरी मात्र तिकडे वस्तीत होती. पुढे कित्येक महिने ती माझ्याशी बोलली नाही. पिंकीची शाळा लांब पडली, ती सुटली, आणि पिंकी रिछाईच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. शिंगाडेवालीला तिथे पुन्हा पत्र्याचीच खोली मिळाली, फक्त आता शेजारी तलाव नव्हता.

रस्ता तयार झाला. पहिल्या सकाळी आम्ही सगळे पांढरे बूट घालून आलो. फाटकाशी शिंगाडेवाली उभी होती. रिछाईहून टेम्पो बदलत आली असणार. त्र्यंबकराव चालू लागले तशी ती त्यांच्या मागे दोन पावलं ठेवून चालू लागली.

"जरा बाजूनं साहेब," ती म्हणाली. "इथं चूल होती."

ते थांबले, मग वेगाने निघाले. तीही.

"हे धोब्याचं घर. अन् हे, जिथं तुम्ही पाय ठेवून राहिले, इथं पिंकी झाली. बाळंतपण मीच केलं." थोडं पुढे जाऊन, "इथं माहा नवरा मेला साहेब. फिरा, फिरा. डॉक्टरनं सांगितलं असंन."

आवाज चढा नव्हता. एखाद्या पाहुण्याला घर दाखवावं तसं ती सांगत होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. चौकीदाराने हटकलं तर म्हणाली, "फाटकावर लिहून ठेवलं आहे ना, सर्वांसाठी खुला?" हळूहळू फिरणारी माणसं त्र्यंबकरावांपासून अंतर ठेवून चालू लागली. मग त्र्यंबकराव वेळ बदलून आले, तीही वेळ बदलून आली. शेवटी त्यांनी फिरणं सोडलं आणि गच्चीवर येरझाऱ्या घालू लागले. ज्या रस्त्यासाठी त्यांनी वस्ती उठवली त्या रस्त्यावर त्यांना तिने पुन्हा पाय ठेवू दिला नाही. मी ही गोष्ट आठवून अजूनही मनापासून खूश होतो, आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

माझ्यामागे मात्र ती कधी चालली नाही. माझ्याकडे पाहायचीही नाही. ते जास्त लागायचं.

शेवटी एका उन्हाळ्यात गौरीने सांगितलं, नानीला लू लागली, उष्माघात झाला होता, वाचली, पण उठत नाही. मी रिछाईला गेलो. भर दुपार होती. ती खाटेवर पडली होती, अंगावर ओलं पोतं, उशाशी पिंकी. मला पाहून पिंकी उठून बाहेर गेली.

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो. "मला माफ करा."

पूर्वी ती मला भाऊ म्हणायची, अहोजाहो करायची. त्या दिवशी तिने ते सोडलं.

"काहून करू?" ती म्हणाली. "माफ केलं तं घरी जाऊन झोपशीन. मले तू जागा पाहिजे."

मी उभाच होतो. तिने डोळ्यांनीच खाली बसायला सांगितलं. पंखा चालू होता, गरम वारा येत होता. मग ती म्हणाली, "तुले लिहिता येते. त्या साहेबाचं लिही. नावानिशी."

"लिहीन."

"तुहंबी लिही. पण आधी त्याचं." ती थांबली, पाणी मागितलं, मी पेला तोंडाशी धरला. "अन् तो मेल्यावर नको लिहू. मेल्यावर कोणीबी लिहिते. तो जिता असताना लिही. त्यानं वाचलं पाहिजे."

त्याच पावसाळ्यात ती गेली. मी लिहिलं नाही. शेजार, मंडळ, म्हातारपण, अशी कारणं मला पुरत गेली. गौरी आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. पिंकी रिछाईच्या वस्तीतल्या मुलामुलींना घेऊन वॉर्डाच्या ऑफिसात जाते, पाण्याच्या टँकरसाठी, सावलीसाठी. ती बोलावण्याची वाट पाहत नाही. खुर्ची कुठे ठेवलेली असते ते तिला माहीत आहे.

यंदा मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं. तलाव वाचवल्याबद्दल त्र्यंबकराव देऊळकरांवर मी लिहावं, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. मी होकार दिला. लिहून संपादकांकडे देतो आहे ते हे. ते छापणार नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून गौरी याच्या वेगळ्या प्रती छापून माझ्याकडे पाठवणार आहे. मंडळाच्या प्रत्येक घरी एक आणि रिछाईला पिंकीकडे एक गठ्ठा.

त्र्यंबकराव नव्वदीच्या पुढे आहेत. कान गेले, गुडघे गेले. पण परवाच त्यांच्या सूनबाई सांगत होत्या, नजर अजून पक्की आहे, सकाळचा पेपर चष्म्याशिवाय वाचतात. त्यांची प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत समोर बसणार आहे.